वाचन-नोंद : पान ८० नंतर थेट ९७

गोडसे भटजी झाशीत अडकलेत आणि मी ८०व्या पानावर. ‘माझा प्रवास’, म्हणजे त्यांनी लिहिलेली १८५७च्या बंडातल्या प्रवासाची हकिगत, या महिन्यात हातावेगळं करते असं मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, ते विसरा. इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेचा वेढा पडलाय, शहरावर गोळे येताहेत, आणि वाक्य क्रियापदापर्यंत पोचायच्या आत पान संपतं. उलटलं तर समोर ९७! ९७ ते ११२ व्यवस्थित, आणि त्यानंतर परत ९७ ते ११२. पानाच्या तळाशी फॉर्मचा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या सोळा पानांच्या जुडीचा, बारीक आकडा असतो ना, तो ५ नंतर ७ आणि पुन्हा ७. सहावा फॉर्म बांधणीतच राहिला, त्याच्या जागी सातवा दोनदा शिवला गेला. सोळा पानं गेली, तीही नेमकी वेढ्यातली.

प्रत जुन्या पुस्तकांच्या दुकानातली, त्यामुळे दाद मागणार कुणाकडे? तरी गेले. मालकांनी चष्म्यावरून बघितलं. “मॅडम, सोळा पानं कमी म्हणूनच एवढ्यात दिलं असं समजा.” यावर पुण्यात पुढे बोलायचं नसतं.

अप्पा बळवंत चौकात दोन-चार ठिकाणी विचारून पाहिलं. तिथे शाळा-कॉलेज उघडायचा हंगाम, गाइडं आणि वह्यांचे गठ्ठे, त्यात १८५७ कोण शोधून देणार. एका मैत्रिणीने जुन्या छपाईचं स्कॅन पाठवलं. मोबाइलवर जोडाक्षरं फुटलेली, आणि हव्या त्या पानावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. ज्यांना स्क्रीनवर वाचता येतं त्यांचा मला हेवा वाटतो, पण मला ते जमत नाही.

शेवटी एका जुन्या ग्रंथालयात कपाटाच्या वरच्या फळीवरून दत्तो वामन पोतदारांनी संपादित केलेली १९६६ची आवृत्ती निघाली. “ताई, घरी मिळणार नाही, झेरॉक्सही नाही, इथेच बसून वाचा,” हे ऐकूनसुद्धा मला आनंदच झाला. खिडकीजवळचं टेबल पकडलं, माझी प्रत शेजारी उघडली आणि ते अर्धवट वाक्य शोधायला लागले.

सापडेना. म्हणजे प्रसंग सापडला, वाक्य नाही. मग प्रस्तावनेकडे गेले तेव्हा उलगडा झाला. भटजी वरसईहून निघाले ते उत्तरेकडे बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने, आणि सापडले बंडात. परत आल्यावर कित्येक वर्षांनी त्यांनी सगळं लिहून काढलं. ते छापलं चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली, भटजींच्या पश्चात, आणि छापताना भाषा घासूनपुसून घेतली, काटछाटही केली. मूळ हस्तलिखित पुढे भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आलं आणि त्यावरून पोतदारांनी आवृत्ती केली. माझी प्रत वैद्यांच्या पाठाची आहे. पोतदारांतली सोळा पानं आणून तिच्यात चिकटवली तर ८०व्या पानावरचं वाक्य एकाचं आणि ८१वरचं दुसऱ्याचं होणार.

दोन्ही शेजारी ठेवून वाचण्यात मात्र भलतीच मजा आली. वैद्यांची वाक्यं इस्त्री केल्यासारखी. पोतदारांच्या पानांत भटजी ओसरीवर बसून सांगताहेत असं वाटतं, एक गोष्ट संपायच्या आत दुसरी सुरू. मला दुसरे जास्त आवडले. वैद्यांवर राग नाही. त्यांनी छापलं नसतं तर हे पुस्तक त्या काळात लोकांपर्यंत पोचलंच नसतं.

याच पंधरवड्यात इरावती कर्व्यांचं महाभारतावरचं ‘युगान्त’ पुन्हा वाचून संपलं. विदुर आणि युधिष्ठिर यांच्या नात्याबद्दलचा इरावतीबाईंचा तर्क मला अजून पूर्ण पटत नाही, पण त्यांची मांडणी बघत बसावी अशी. यावेळी लक्ष गेलं ते दुसरीकडेच. त्यांच्या लिखाणाला आधार आहे भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा (अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या पाठाचा), जिचं काम १९१९ला सुरू होऊन १९६६ला संपलं. पोतदारांचं साल पुन्हा बघा. एकाच वर्षी एकाच शहरात केवढे पाठभेद निस्तरले गेले, आणि मी इथे सोळा पानांवरून रडतेय.

तर बेत. सकाळपर्यंत ठरलं होतं की कुणाकडून तरी वैद्यांच्या पानांची झेरॉक्स मिळवायची आणि बाइंडरकडून बसवून घ्यायची. बाइंडरशी बोलणंही झालं. खळच वापरा, फेव्हिकॉल नको, असं दोनदा सांगितलं. फेव्हिकॉलने पाठ कडक होते आणि पुस्तक उघडताना जुनं पान मुडपून तुटतं, हे माझं ठाम मत आहे, वाद घालायचा तर घाला. पण हे लिहितालिहिता वाटतंय की झेरॉक्स कशाला? दुबार फॉर्म उसवून काढायचा, योग्य जागी आठ कोरे कागद शिवून घ्यायचे आणि मजकूर हाताने उतरवायचा. प्रत्येक कागदाच्या एका बाजूला वैद्य, दुसऱ्या बाजूला पोतदार. कागद शाई न फुटणारा हवा, आणि जाड नको, नाहीतर पुस्तक मधेच फुगेल. लक्ष्मी रोडच्या आसपास असा कागद सुटा कुठे मिळतो? माझ्या नेहमीच्या दुकानात रीमच घ्यावं लागतं.

अडचण एवढीच की वैद्यांच्या सोळा पानांचा मजकूर आठ पानांच्या जागेत मावेल का. बहुधा नाही. मग बारा कागद? त्यावर बाइंडर काय म्हणेल ते मला आत्ताच ऐकू येतंय.

‘ऋतुचक्र’ ठरल्याप्रमाणे चालू आहे, दुर्गाबाईंचा एक महिना त्या-त्या महिन्यातच. अधिक मासात काय वाचायचं हे कुणी सुचवलं तर बरं. ‘स्मृतिचित्रे’ उशाशी आहे, झाशी सुटेपर्यंत उघडणार नाही.

वैद्यांच्या पाठाची कुठलीही जुनी प्रत घरात असेल तर एवढं करा : झाशीच्या वेढ्याचा भाग काढा आणि किती पानांचा आहे ते कळवा. फोटो नंतर मागेन, आधी कागद किती घ्यायचे ते ठरवू दे.