सुभेदारांची जीप आणि पोराचं चित्र

गाडीला रंगाचा पहिला हात बसण्याआधी आमच्याकडे ती कॉम्प्युटरवर रंगते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमची डेंटिंग-पेंटिंगची शेड आहे. पुढं मिस्त्रींची पोरं पत्र्यावर भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, घासत असतात आणि मागच्या काचेच्या खोलीत मी फोटोशॉप उघडून बसलेला असतो. गिऱ्हाईक म्हणतं, "जरा डार्क करा." नवऱ्याचं डार्क वेगळं, बायकोचं वेगळं आणि मिस्त्रींचं तर तिसरंच. ते सगळं डोक्यातून काढून पडद्यावर आणायचं, भांडणं तिथंच मिटवायची आणि मगच रंग फवारायची गन हातात घ्यायची, असा आमचा शिरस्ता. रंग मारून झाल्यावर भांडण निघालं तर ते कुणालाच परवडत नाही.

त्या दिवशी आलेली महिंद्राची जुनी जीप गडहिंग्लजकडची. मालक फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, अंगानं काटक, बोलणं मोजकं. सोबत पुण्यात नोकरी करणारा मुलगा. गाडीचा रंग मरून, म्हणजे काळपट तांबडा, आणि ठिकठिकाणी पापुद्रे सुटलेले. मुलानं आल्या आल्या मोबाइल पुढं केला. त्यात त्यानं एआयकडून करून घेतलेलं चित्र होतं: जीप पूर्ण ऑलिव्ह ग्रीन, मॅट, बॉनेटवर पांढरा तारा, पुढं बंपरवर जाडजूड लोखंडी बुलबार आणि ट्रॅक्टरला शोभतील अशी चाकं. "दादा, डिट्टो असंच पाहिजे. आण्णांना सरप्राइज द्यायचं होतं, पण गाडी त्यांच्याशिवाय गावातनं हलंना."

सुभेदार चित्राकडे बघत राहिले. बोलले काहीच नाहीत.

अशी चित्रं हल्ली रोज येतात. दिसायला झकास, पण गाडी आपली नसते. ह्या चित्रात ग्रिलच्या फटी मूळ जीपपेक्षा जास्त होत्या, आणि मागच्या चाकाची कमान पुढच्यापेक्षा मोठी. म्हणून मी आधी खऱ्या गाडीचा फोटो काढतो. त्यालाही रीत आहे. मोबाइल घेऊन जवळ उभं राहिलं की गाडीचं नाक फुगतं आणि मागचा भाग आखडतो. वीस-पंचवीस फूट मागं जायचं, झूम दुप्पट करायचा, कॅमेरा बॉनेटच्या उंचीला धरायचा. ऊन टाळायचं, कारण तिरप्या उन्हातल्या कडक सावल्या पुढं कितीही धुतल्या तरी निघत नाहीत. काचेवर करड्या रंगाचं एक कार्ड चिकटवायचं, त्यावरून नंतर फोटोतला पिवळेपणा काढता येतो. आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर फितीनं मोजून लिहून ठेवायचं.

ह्या शेवटच्या आकड्यानं सकाळचं पहिलं भांडण मिटवलं. चित्रातल्या दोन चाकांमधलं अंतर आणि टायरची उंची यांचं प्रमाण काढलं, त्याला फितीचा आकडा लावला. टायर निघाला 35 इंचांच्या पुढचा! जीपवर होते 235/75 आर 15 मापाचे, म्हणजे उंचीला 29 इंचांच्या आत. मी खऱ्या फोटोवर 31 इंचांचा टायर मापात बसवून दाखवला. तेवढ्यानंही जीपचा रुबाब बदलला, पण मिस्त्री मागं उभे होते. ते कॉम्प्युटरला हात लावत नाहीत, चित्र मात्र आमच्यापेक्षा बारीक बघतात. म्हणाले, "सरळ चाकावर छान दिसतंय वो. स्टिअरिंग पूर्ण कापल्यावर स्प्रिंगच्या पाट्याला घासतंय ते दाखवतंय का तुझं मशीन?" दाखवत नाही. शिवाय एवढ्या फरकानं मीटर 60 दाखवत असतो तेव्हा गाडी 64 ला पळत असते. मुलगा टायरवरनं थोडा मागं हटला. बुलबारचं तर त्याला स्वतःलाच ठाऊक होतं. 2017 च्या डिसेंबरात केंद्रानं त्यावर कारवाई करायला राज्यांना कळवलं, तेव्हापासून आम्ही ते काम घेतच नाही.

रंगावर मात्र तो अडून बसला.

मी सांगितलं की ऑलिव्ह ग्रीन होणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, त्यातला 121 वा नियम: संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून दुसऱ्या कुठल्याही गाडीला तो रंग द्यायचा नाही. "रस्त्यावर पन्नास जीपा फिरतात तशा," मुलगा म्हणाला. फिरतात, खरं आहे. मग त्यानं दुसरी गल्ली काढली: थोडा बदलून मारा, ऑलिव्हसारखा दिसणारा पण ऑलिव्ह नसलेला. ही मागणी इतक्या लोकांनी केली आहे की माझ्याकडे तशा हिरव्यांची एक फाइलच तयार आहे, पण मला ती उघडायला आवडत नाही. अडवणारा माणूस शेडकार्ड घेऊन उभा नसतो. त्याला जे ऑलिव्ह दिसलं ते ऑलिव्ह. आणि नियम चुकवल्यासारखा दिसणारा रंग तसाही वाईटच दिसतो, हे माझं खासगी मत.

तेवढ्यात मिस्त्रींनी हाक मारली. अंदाजपत्रक द्यायच्या आधी ते मापक लावून रंगाची जाडी बघतात. कंपनीतून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग, असतात. इथं काटा चारशेच्या वर. म्हणजे जुना रंग न खरवडता त्यावरच रंग चढवत आलेले. खात्रीसाठी त्यांनी स्टेपनीच्या ब्रॅकेटमागची, कुणाला न दिसणारी जागा निवडली आणि आधी 180 चा, मग 400 चा वॉटर पेपर पाणी मारत गोल गोल फिरवला. हळूहळू कांद्याच्या चकतीसारखी वलयं उमटली. बाहेर मरून. त्याच्या आत पांढरा, चांगला जाड. त्याच्या आत हिरवा. मग तांबूस प्रायमर, आणि मधोमध नखाएवढा उघडा पत्रा.

हिरवा म्हणजे तोच हिरवा. मळकट, काळपट, पाणी सुकल्यावर आणखी मेलेला.

मुलाचा चेहरा उजळला. "बघा! गाडी मुळात मिलिटरीची आहे. म्हणजे आपण मूळ रंगच परत देतोय की!"

खाली वाकून सुभेदारांनी त्या वलयावर अंगठा फिरवला. "रंग कुणी बी मारतंय," ते म्हणाले. "आणि फौजेची असली तरी फौजेनं सोडली तवाच तो रंग उतरला. मी सोडली तवा वर्दी कपाटात ठेवलीच की."

एवढं ते सबंध सकाळी पहिल्यांदाच बोलले. मुलगा गप्प झाला. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेलं आरसी बुक काढून माझ्या हातात दिलं. रंगाच्या रकान्यात लिहिलं होतं: व्हाइट. म्हणजे आधीच्या कुणीतरी मरून मारून घेतला आणि आरटीओत नोंद केलीच नाही. सुभेदारांनी घेतली तेव्हा गाडी मरूनच होती आणि त्यांनाही हे कुणी दाखवलं नव्हतं. गाडीत केलेला बदल आरटीओला कळवून आरसीवर नोंदवून घेतला पाहिजे, हे 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम. रंग बदलायचा तर अर्ज, फी, तपासणी, नवी नोंद.

"मग पांढराच मारा," सुभेदार म्हणाले. "कागद बी जुळतोय."

मुलगा म्हणाला, निदान मॅट तरी करूया. यावर सुभेदारांनी मिस्त्रींना एकच प्रश्न विचारला, "जोतिबाला न्यायची हाय. गुलाल धुऊन निघंल का?"

जोतिबाच्या चैत्र यात्रेत वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर गेलेल्या गाड्या दुसऱ्या दिवशी बघायच्या असतात. काचेच्या रबरात, दाराच्या फटीत, वायपरच्या बुडात गुलाबी. चकचकीत क्लिअरवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, गुलाल पाण्यानं जातो, राहिलाच तर पॉलिशनं निघतो. मॅट क्लिअरचा पृष्ठभागच बारीक खडबडीत असतो, म्हणून तर तो चमकत नाही. त्या खडबडीत गुलाल जाऊन बसला की पॉलिश मारता येत नाही, मारलं तर तेवढाच भाग चमकतो आणि गाडी चट्ट्यापट्ट्याची होते. मिस्त्रींनी नुसती मान हलवली. मॅट तिथंच संपलं. मी कितीही चित्रं केली असती तरी हा निकाल पडद्यावर लागला नसता.

आता माझं खरं काम सुरू झालं आणि ते अवघड होतं. लोकांना वाटतं, फोटोत रंग बदलणं म्हणजे एक पट्टी सरकवायची. पांढरी किंवा करडी गाडी लाल-निळी करणं खरंच तेवढं सोपं आहे: वर एक थर टाका, तो 'कलर' किंवा 'मल्टिप्लाय' करा, खालच्या सावल्या आपोआप दिसतात. गडद गाडी पांढरी करणं हे उलटं काम. मरूनमध्ये उजेड फार कमी साठलेला असतो. रंग काढून टाकला तर हाती येते काळपट राखाडी, आणि ती उजळायला गेलं की शेडचे पत्रे, पिंप, समोरची रिक्षा, जे जे पत्र्यात उमटलेलं असतं ते सगळं मळ लागल्यासारखं वर येतं. म्हणून पेन टूलनं बॉनेट, फेंडर, बाजू असा एकेक भाग कापून घेतला. कर्व्ह्जनं उजेड चढवला, प्रतिबिंबं पुसली, आणि बॉनेटच्या घडीखालच्या, फेंडरच्या वळणाखालच्या सावल्या वेगळ्या थरावर हातानं परत काढल्या. पांढऱ्या गाडीला आकार असतो तो निव्वळ सावलीचा. सावली चुकली की जीप कापसाची वाटते.

मुलगा शेजारी स्टूल घेऊन बसला होता. त्याला यात गोडी लागली. काळी ग्रिल करून बघूया, नको. रिम काळी, नको. रिम क्रीम रंगाची, लोखंडीच ठेवून, टायर आहे त्याच मापाचे पण खोल नक्षीचे: इथं दोघंही थांबले. डिझेलचा जेरीकॅन मागं डाव्या बाजूला की उजव्या, यावर बराच वेळ गेला. तो थर मी इकडून तिकडे सरकवत राहिलो. शेवटी मिस्त्री म्हणाले की उजवीकडे सायलेन्सर आहे, आणि प्रश्न सुटला.

पांढरा तरी कुठला? पडद्यावर ते ठरत नाही. माझ्या मॉनिटरवर क्रीम वाटणारा पांढरा मुलाच्या मोबाइलवर निळसर दिसत होता. त्यासाठी आम्ही नमुन्याचं कार्ड रंगवून बघतो: त्याच गननं, तोच प्रायमर, तोच रंग, तेच क्लिअर. मिस्त्रींनी दोन पांढरे मारून दिले. उन्हात धरले, मग ट्यूबखाली धरले. सुभेदारांनी किंचित पिवळसर असलेला उचलला आणि त्यांच्या सांगण्यात तथ्य होतं: रस्त्याच्या धुळीत तोच जास्त दिवस स्वच्छ वाटेल. शिवाय साधा पांढरा, मेटॅलिक नाही, त्यामुळे उद्या दाराला खरचटलं तर तेवढाच भाग मारता येईल. मेटॅलिकमध्ये चंदेरी कण गनच्या हातावर अवलंबून बसतात, आणि शेजारच्या पत्र्याशी जुळवताना चांगल्या चांगल्यांना घाम फुटतो.

खर्चाचं थोडं ताणलं. सगळे थर पत्र्यापर्यंत उतरवल्याशिवाय मिस्त्री हात लावायला तयार नव्हते, त्यांचं बरोबर होतं. चारशे मायक्रॉनवर आणखी रंग चढवला तर पहिल्याच पावसाळ्यात भेगा. सुभेदारांनी आकडा ऐकला, पोराकडे बघितलं, पोरानं मान डोलावली.

कार्डाच्या मागं सुभेदारांची सही आणि तारीख घेतली. निघताना मुलगा माझ्याजवळ आला, हळूच म्हणाला, "दादा, ह्याच फोटोवर हिरवा करून एक चित्र तरी द्या ना व्हॉट्सॲपवर. फक्त ठेवायला." मरूनचा हिरवा करायला फारसा वेळ लागत नाही, दोन्ही गडदच. मी सुभेदारांकडे बघितलं.

"द्या की," ते म्हणाले. "चित्राला कुठं आरटीओ असतोय."

मिस्त्रींनी ॲडव्हान्सचं विचारलं आणि पोरांना दारं उतरवायला सांगितलं.