ड्यूररची गाठ: खाका अखेर जमला

जर्मन चित्रकार ड्यूररची 'गाठ', म्हणजे एकमेकींत गुंफलेल्या पट्ट्यांची नक्षी, मी भरतकामासाठी लिननवर उतरवते आहे. मागच्या वेळी दाखवलेला कोपरा उसवला, आणि आता ती कापडावर स्वच्छ उतरली आहे. त्याच्या सहा गाठींपैकी (१५०६-०७ च्या सुमाराच्या, लाकडी ठशांच्या) मी घेतलेली सगळ्यांत गुंतागुंतीची नाही, तरी तिने पुरता घाम काढला.

अडलं होतं ते छेदांवर. खाका, म्हणजे नक्षीच्या रेघेवर भोकं टोचलेला कागद, कापडावर ठेवून त्यातून रंग किंवा पूड मारली की रेघ उरत नाही, ठिपके उरतात. दोन पट्ट्या एकमेकींवरून जातात तिथे नुसता गिचका. वरची कोणती, खालची कोणती, पत्ता नाही. एक छेद चुकला की पुढचा वर-खाली क्रम मोडलाच. बाजारातून मशीनवर टोचून आणलेला खाका तर आणखी वाईट, वळणावरही भोकांचं अंतर तेवढंच. फुलापानांना तो चालतो, इथे नाही.

उपाय असा निघाला: छेदापाशी खालची पट्टी टोचायचीच नाही, दोन्हीकडे गव्हाच्या दाण्याएवढी जागा कोरी. वळणावर भोकं दाट, सरळ भागात विरळ. बटर पेपर फाटतो, जाड ट्रेसिंग पेपरच घ्या. सुई कॉर्कमध्ये खोचा. कागदाची मागची बाजू बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासली की भोकं मोकळी होतात. खाक्यावर नेहमी फिरवतात ती रॉकेलात कालवलेली नीळ लिननवर पसरते, म्हणून पुरचुंडीतून कोळशाची पूड. मग ठिपके पातळ शाईने जोडून पूड झटकायची. पगानिनोच्या १५३२ च्या सुमाराच्या भरतकामाच्या नमुन्यांच्या पुस्तकात बायका नक्षी उतरवताना दाखवल्या आहेत, खाक्यानेसुद्धा. छेदांचं काय करायचं ते मात्र त्या चित्रातून कळत नाही!

इटालियन चित्रकार राफाएल्लिनो देल गार्बो भरतकाम करणाऱ्यांना नक्षी काढून देऊ लागला, हे चित्रकारांची चरित्रं लिहिणारा वाझारी त्याची घसरण म्हणून सांगतो. मला पटत नाही. कुठे टोचायचं नाही हे ठरवताना मी ती गाठ नव्यानेच रेखाटत होते. आणि ड्यूररची आद्याक्षरं तरी या गाठींवर नंतरच्या छपाईतच आली. त्याआधी ती बिननावाचीच नक्षी होती.

लिहिता लिहिता सुचलं: दोन खाके केले तर? वरच्या पट्ट्या कोळशाने, खालच्या गेरूने. मग कोरी जागाही सोडायला नको. फक्त कागद सरकू नये म्हणून चारही कोपऱ्यांत खुणेची भोकं हवीत. आधी हे करून पाहायचंय, म्हणून काळ्या रेशमाची किनार तूर्त बाजूला. पांढऱ्या लिननवरचा गेरू धुऊन पूर्ण जातो का, कुणी करून पाहिलंय?