आठ बाइटांसाठी एकवीस दिवस

जुना खेळ नव्या संगणकावर सुरू करायला फारसं काही लागत नाही. डॉसबॉक्स (जुने डॉसवरचे खेळ आजच्या संगणकावर चालवणारा प्रोग्राम) उतरवा, खेळाचा फोल्डर त्याला जोडून द्या, फाइलचं नाव टाइप करा, झालं. दहा मिनिटांचं काम. माझे एकवीस दिवस गेले ते आमच्या जुन्या फ्लॉपीवरची एक फाइल बाहेर काढण्यात. आणि ती फाइल होती आठ बाइटांची. मेगाबाइट नाही, किलोबाइटही नाही, नुसते आठ बाइट. 'ताई' हा एवढासा शब्द आजच्या युनिकोडमध्ये साठवला तरी नऊ लागतात.

ताईचं नाव उगाच घेतलं नाही. भांडण तिच्याशीच होतं.

खेळ प्रिन्स ऑफ पर्शिया. जॉर्डन मेकनरनं १९८९ मध्ये ॲपल टू संगणकासाठी केलेला. आमच्याकडे होती ती पुढच्या वर्षी आलेली डॉसची आवृत्ती. राजकन्येला वजिराची तासाभराची मुदत, आणि तेवढ्या साठ मिनिटांत राजपुत्रानं तळघरापासून मनोऱ्यापर्यंत पोचायचं. मेलात तरी खेळ संपत नाही, त्याच पातळीच्या सुरुवातीला परत उभे राहता, पण घड्याळ काही मागे जात नाही. त्या वयात मला त्याचा फार राग यायचा.

आम्ही दोघं एकाच की-बोर्डवर खेळायचो. बाणांच्या कळा माझ्याकडे, शिफ्ट ताईकडे. शिफ्ट दाबून ठेवली की राजपुत्र जपून एक एक पाऊल टाकतो, कड्याला लोंबकळतो, तलवारीचा वारही त्याच कळेवर. म्हणजे उडी मी मारायची आणि कडा तिनं पकडायचा. किती वेळा पडलो आणि कोण कोणावर ओरडलं, ते सांगत नाही. मेकनरनं आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली काढल्या, हे मला मोठेपणी कळलं. तो पडतानाही खराखुरा माणूस पडल्यासारखा का वाटायचा, ते तेव्हा समजलं.

तर तंटा असा. कंट्रोल आणि जी एकत्र दाबलं की खेळ जतन होई. जागा एकच, नवं जतन केलं की जुनं पुसलं. शेवटचं जतन केलं त्यानंतर आम्ही तो खेळ पुन्हा कधी उघडला नाही. ताई तेव्हापासून म्हणत आली आहे, "मी चौदा मिनिटं शिल्लक ठेवून तुझ्या हातात दिला होता, तू वाटोळं केलंस." माझं म्हणणं, माझ्या हातात आला तेव्हा सहाच मिनिटं उरली होती. नववी पातळी होती, एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत. घरात कुठलाही विषय निघाला की शेवटी गाडी या चौदा आणि सहावर येते. मागच्या महिन्यात माळा आवरताना फ्लॉपी सापडली. लेबलावर ताईचं अक्षर. म्हटलं, आता पुराव्यानिशी बोलू.

यूएसबीला लावायचा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला. (हे ड्राइव्ह साडेतीन इंची फ्लॉपीच वाचतात. तुमच्याकडे सव्वापाच इंची लवचीक तबकडी असेल तर मागवूच नका.) फ्लॉपी घातली, घर्रघर्र झालं आणि पडद्यावर आलं: डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करायची का? त्या 'हो'च्या बटणावर माझा माउस होता. होता एवढंच सांगतो.

इथं एक गोष्ट आठवली, ती खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवी होती. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वी कोपऱ्यातली ती छोटी सरकपट्टी सरकवून भोक उघडं करा. भोक उघडं असलं की फ्लॉपीवर काही लिहिता येत नाही, मग 'हो' दाबलं तरी निभावतं. मी हे दुसऱ्या दिवशी केलं. आणि धातूची झडप बाजूला करून आतली काळी तबकडीही बघून घ्या. पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी. तशीच घातलीत तर फ्लॉपी जाईलच, शिवाय ड्राइव्हचं तबकडी वाचणारं डोकं (हेड) खराब होऊन पुढची चांगली फ्लॉपीही ओरबाडली जाईल. आमच्या तबकडीवर कडेला दोन ठिपके होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून, मधला धातूचा भाग बोटानं फिरवत, हलक्या हातानं पुसले.

पुढे लिनक्सवर डीडीरेस्क्यू चालवलं. हा प्रोग्राम फ्लॉपीवर काय आहे याच्या भानगडीत पडत नाही, जे वाचता येईल ते सगळं एका फाइलमध्ये उतरवून घेतो, आणि काय वाचलं, काय राहिलं याची नोंद वेगळ्या मॅपफाइलमध्ये ठेवतो. त्या मॅपफाइलला जपा. ती असली की उद्या दुसऱ्या ड्राइव्हवर उरलेल्या भागापासूनच पुढे चालू करता येतं.

आमच्यासारख्या १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर डेटाचे २८८० छोटे कप्पे, म्हणजे सेक्टर असतात, प्रत्येकी ५१२ बाइटांचे. माझे २८७७ वाचून झाले. तीन राहिले. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

त्या तिघांतला पहिला अगदी सुरुवातीचा, फ्लॉपीची ओळख सांगणारा बूट सेक्टर. तो वाचता येत नव्हता म्हणूनच संगणक 'फॉरमॅट नाही' म्हणत होता. बाकी डेटा जागच्या जागी होता. यावरचा उपाय सोपा निघाला. दुसऱ्या कुठल्याही १.४४ एमबीच्या धड फ्लॉपीचा पहिला सेक्टर उचलून डीडीरेस्क्यूनं उतरवलेल्या फाइलीत चिकटवला आणि फाइलींची यादी समोर आली. त्यात जतन केलेल्या खेळाची फाइल, प्रिन्स डॉट एसएव्ही, आकार आठ बाइट! मी खुर्चीतून उठलोच.

उघडली तर नुसती शून्यं. उरलेल्या दोन सेक्टरांपैकी एक नेमका या फाइलचा होता.

तीन दिवस डीडीरेस्क्यू त्या सेक्टरावर डोकं आपटत राहिलं. मी रात्री लावून झोपायचो आणि सकाळी दात घासायच्या आधी बघायचो. मग एका ऑनलाइन डेटा रिकव्हरी सेवेचा फॉर्म भरला. नाव सांगत नाही. नाव सांगावं एवढं त्यांनी काही केलंही नाही.

फॉर्ममधला तिसरा प्रश्न: किती डेटा परत हवा आहे? उत्तर जीबीमध्ये, पूर्ण आकड्यात. मी शून्य टाकलं. तांबड्या अक्षरांत 'किमान १'. दशांश टाकून पाहिला, 'फक्त पूर्णांक'. मग १ लिहिलं. म्हणजे मला हवं होतं त्याच्या साडेबारा कोटी पट. पुढचा प्रश्न, माध्यमाचा प्रकार. यादीत हार्ड डिस्क, एसएसडी, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, 'इतर'. 'इतर' निवडलं की खाली चौकट उघडते आणि त्यात मॉडेल क्रमांक सक्तीचा. फ्लॉपीला कुठला मॉडेल क्रमांक? लेबलावर ताईनं 'खेळ ३' लिहिलं होतं, तेच टाकलं. ते चाललं! ज्या फॉर्मला शून्य चाललं नाही त्याला 'खेळ ३' चाललं.

फ्लॉपी त्यांना पाठवून दिली. 'आपली विनंती आमच्या तज्ज्ञांकडे आहे' असा निरोप आला. चौथ्या दिवशी तोच निरोप, शब्द न शब्द तोच. सहाव्या दिवशी मी विचारलं की निदान फ्लॉपी कोणी हातात घेतली आहे का, तर उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मी अभिप्राय दिलाच नव्हता. आता देतो आहे तो इथंच. नवव्या दिवशी निर्णय आला, 'हे माध्यम आमच्याकडे वाचता येत नाही.' मी लावलेली वेष्टनाची चिकटपट्टीही न उघडता फ्लॉपी परत आली. हे वाक्य पहिल्या दिवशी फॉर्मच्या वरच लिहिलं असतं तर माझे नऊ दिवस वाचले असते. फॉर्म भरण्याआधी विचारा: तुमच्याकडे फ्लॉपी ड्राइव्ह आहे का? हो किंवा नाही, एका शब्दात. उत्तरात 'तज्ज्ञ' हा शब्द आला तर समजून जा.

त्या नऊ दिवसांत वाचन मात्र झालं. मेकनरनं २०१२ मध्ये या खेळाचा मूळ सोर्स कोड जगापुढे खुला केला, हे तेव्हाच वाचलं. तोही वर्षानुवर्षं हरवलेला होता. त्याच्या वडिलांना एका खोक्यात फ्लॉप्या सापडल्या आणि जुन्या संगणकांची जाण असलेल्यांना बोलावून त्या वाचाव्या लागल्या. खेळ ज्यानं लिहिला त्यालाही खोकं आणि फ्लॉपी चुकली नाही, म्हणून जरा बरं वाटलं.

दुसरी वाचलेली गोष्ट जास्त कामाची. यूएसबीवाला ड्राइव्ह शिष्टासारखा वागतो: सेक्टर वाचला तर देतो, नाही तर 'नाही' म्हणून मोकळा. आत नक्की काय दिसलं ते सांगत नाही. जुन्या संगणकांतला, ३४ पिनांच्या रुंद पट्टी-केबलचा ड्राइव्ह मात्र तबकडीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे बाहेर देतो. ते टिपणारी ग्रीसविझल नावाची छोटी सर्किटची पाटी मिळते. ती एकेका ट्रॅकचे, म्हणजे तबकडीवरच्या एकेका वर्तुळाचे, अनेक फेरे नोंदवते. फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे फिरते, म्हणजे एक फेरा सेकंदाच्या पाचव्या हिश्शात. एका फेऱ्यात गडबडलेला सेक्टर दुसऱ्या फेऱ्यात धड मिळू शकतो.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी मला ताईला फोन करावा लागला. ड्राइव्हचं डोकं जरा तिरकं बसलेलं असेल तर त्यानं लिहिलेल्या फ्लॉप्या त्यालाच नीट वाचता येतात, इतरांना अडखळायला होतं. म्हणजे हवा होता तो आमच्याच जुन्या संगणकाचा ड्राइव्ह.

"ते कॅबिनेट आहे ना माझ्याकडे," ताई म्हणाली. "तू भंगारात द्यायला निघाला होतास, आठवतंय?"

आठवत होतं. मी विषय बदलला.

पाटी आणि ड्राइव्ह हातात यायला आणखी दिवस गेले. जोडणी किरकोळ आहे, फक्त पट्टी-केबलला एका टोकाजवळ पीळ असतो त्याकडे लक्ष ठेवा. ड्राइव्ह पिळाच्या अलीकडे लावला की पलीकडे, यावर संगणक त्याला कोणत्या अक्षरानं ओळखणार ते ठरतं. मी उलट लावला आणि अर्धा दिवस ड्राइव्ह मेला म्हणून हळहळत बसलो. वीज मात्र ड्राइव्हला वेगळी द्यावी लागली. पाच फेऱ्यांचं वाचन लावलं. तो आवाज, तीन छोटे ठोके आणि मग घरंगळणारी खरखर, ऐकल्याबरोबर ओळखला. खोलीचा दरवाजा लावून घेतला, का ते माहीत नाही.

काही मिनिटांत २८७९ सेक्टर. एक अजूनही गेलेला, पण तो आमचा नव्हता.

कोणी म्हणेल, आठ बाइट तर हातानंही लिहिता आले असते. आले असते. या फाइलीची रचना लोकांनी केव्हाच उलगडून ठेवली आहे: पहिले दोन बाइट उरलेल्या मिनिटांचे, पुढचे दोन त्या मिनिटातल्या टिकांचे (टिक म्हणजे खेळाच्या घड्याळाचा एक ठोका, सेकंदाला बारा), मग दोन पातळीचे आणि शेवटचे दोन राजपुत्राच्या ताकदीचे. हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतले बाइट थेट दाखवणाऱ्या आणि बदलू देणाऱ्या प्रोग्राममध्ये, साठ मिनिटं आणि बारावी पातळी लिहा, चालेल. पण मग भांडणाचं काय करायचं होतं?

ताई त्या दिवशी आलीच होती, निकाल समक्ष ऐकायला. मी फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडली आणि तिला दिसेल असा पडदा फिरवला. ताकद चार. पातळी आठवी, नववी नाहीच. मिनिटं अकरा.

दोघंही गप्प.

"अकरा हे चौदाच्या जवळ आहे," ती म्हणाली.

"तीननं. सहापासून पाचनं. फार नाही."

"पण जवळ आहे ना?"

मग टिकांवरून सुरू झालं. पूर्ण मिनिट धरायचं की चालू मिनिट, हा वाद अजून मिटलेला नाही आणि मी त्यावर इथं मत देत नाही. फाइल खेळाच्या फोल्डरमध्ये टाकली. डॉसबॉक्स सुरू केलं. खिडकीत माउस अडकला तर कंट्रोल आणि एफ दहा, पूर्ण पडद्यासाठी ऑल्ट आणि एंटर. आणि सेटिंगमध्ये आस्पेक्ट (चित्राच्या लांबी-रुंदीचं प्रमाण) चालू करा, नाही तर सगळं चपटं दिसतं. कंट्रोल आणि एल दाबलं. आठवी पातळी उघडली.

ताईनं शिफ्टवर बोट ठेवलं. मी धावत नेऊन उडी मारली. तिनं कडा धरला नाही.

"हा की-बोर्ड वेगळा आहे," ती म्हणाली.

पुन्हा पातळीच्या सुरुवातीला उभे राहिलो. दहा मिनिटं उरली होती.