खुर्चीतून हात न लावता उठायला शिकले, ते वर्ष

पलंगाखाली घरंगळलेली पेनाची टोपी काढायला मी जमिनीवर बसले आणि उठताना पलंगाची कड धरावी लागली. वय ४३, आजार कुठलाच नाही. पण मांड्यांत बळच उरलं नव्हतं. मला खरंच भीती वाटली. आत्ताच ही गत, तर पुढची वीस वर्षं कशी जायची?

त्याच महिन्यात रक्ततपासणी झाली. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारं एचबीएवनसी ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टर म्हणाले, "गोळी आत्ता नको. आठवड्याला किमान १५० मिनिटं घाम येईल अशी हालचाल करा, तीन महिन्यांनी पुन्हा बघू." त्या दिवशी मी पहिल्यांदा मोजलं. ऑफिस, प्रवास, जेवण, टीव्ही मिळून मी साडेदहा तास बसून होते.

सुरुवात चुकली. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवसापासून धावायला लागले आणि तिसऱ्या आठवड्यात नडगी इतकी दुखायला लागली की जिना उतरवेना. सगळं बंद पडलं ते दोन महिने. त्या दोन महिन्यांचं मला आजही वाईट वाटतं, कारण ते टाळता आले असते. फिजिओथेरपिस्ट बाईंनी नंतर समजावलं, "तुमचा दम लवकर वाढतो, पण हाडं आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा सावकाश तयार होतात. दम पुरतोय म्हणून पाय तयार आहेत असं समजू नका." हे कुणी आधी सांगायला हवं होतं.

त्यांनी दिलेला व्यायाम ऐकून मी आधी नाराज झाले. खुर्चीतून हात न लावता उठायचं, सावकाश बसायचं. पाच वेळा, दिवसातून दोनदा. बस्स. पहिल्या दिवशी तिसऱ्या वेळेलाच मांड्या थरथरल्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं जास्त होतं. नव्या व्यायामानंतर असं होतंच आणि आपोआप ओसरतं. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं तर मात्र थांबायचं, हा फरक ओळखायला मी शिकले. तीन आठवड्यांत पाचाच्या बारा झाल्या. इतक्या लवकर स्नायू जाड होत नाहीत. आधी मज्जातंतू आहेत तेच स्नायू नीट कामाला लावायला शिकतात, म्हणून बळ आल्यासारखं वाटतं. मला हे फार दिलासा देणारं वाटलं. शरीर विसरलेलं होतं, संपलेलं नव्हतं.

चालण्यासाठी वेगळी वेळ काढायचा नाद मी सोडला. जेवण झालं की पंधरा मिनिटं, दोन्ही वेळा. काम करणारा स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो, त्यामुळे जेवणानंतरची वेळ साखरेसाठी सोयीची. वेग किती हवा? बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका. दहा हजार पावलांच्या मागे मी लागले नाही. तो आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आला आहे, वैद्यकीय संशोधनातून नव्हे.

खरी अडचण होती ती बसण्याची. अर्धा तास चालले तरी उरलेले दहा तास खुर्ची तशीच राहायची. १९५३ मध्ये जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बसगाड्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत होता. चालक मुळातच जाडसर होते, हेही पुढे मॉरिस यांनीच दाखवून दिलं, म्हणजे सगळा फरक जिन्याचा नव्हे. तरी ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून तो वाहक गेला नाही. मी फोनवर बोलताना उभी राहायला लागले. पाण्याची बाटली मुद्दाम लहान घेतली, म्हणजे भरायला उठावंच लागतं. पोटऱ्या हलल्या की पायांतलं रक्त वर ढकललं जातं. संध्याकाळी पायांवर उमटणारे मोज्यांचे वळ महिन्याभरात फिके झाले.

वर्षअखेरीच्या हिशेबांचे दिवस आले तेव्हा पंधरा दिवस चालणं जमलं नाही. खुर्चीच्या बैठका तेवढ्या सोडल्या नाहीत, कारण खुर्ची समोरच होती. परत सुरू करणं त्यामुळे सोपं गेलं.

चालायला लागल्यावर तीन महिन्यांनी एचबीएवनसी ५.८ आलं. त्याआधी तपासून उपयोग नव्हता, कारण तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि ही तपासणी त्यांनाच चिकटलेली साखर मोजते. वजन फक्त दोन किलोंनी उतरलं. मैत्रिणी आधी वजनच विचारतात. मी त्यांना जिन्याबद्दल सांगते, चौथ्या मजल्यावर पोहोचून लगेच बोलता येतं त्याबद्दल.

आता जोर काढायला शिकते आहे. भिंतीवरून सुरुवात केली, मग टेबलाच्या कडेवर आले. जमिनीवर अजून एकही निघत नाही. गेल्या आठवड्यात जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर हात टेकून चार निघाले.