चौथ्या कप्प्यावरचा लाल ठिपका

रिव्हॉल्व्हरच्या चौथ्या कप्प्यावर मी बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला आणि तिथून माझं काम मार्गी लागलं. पण तो ठिपका सुचेपर्यंत पाच महिने गेले होते, रिव्हॉल्व्हर दोनदा कारखान्यात जाऊन आलं होतं आणि एका भल्या माणसाच्या भुवईवर जखम झाली होती.

मी अमेरिकेत ओहायोत राहतो, मूळचा कुडाळ तालुक्यातला. घरी आजोबांची ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, निकाल लागल्यावर आजोबा परवान्याचं पुस्तक घेऊन ती परत आणायचे. आम्हा पोरांना तिला हात लावायला बंदी होती, पण ते ती पुसायला बसले की शेजारी बसायला मिळायचं. नळी कायम भिंतीकडे. रिकामी असली तरी भरलेलीच समजायची, हे त्यांनी आम्हाला शंभर वेळा सांगितलं असेल. इथे नेमबाजीच्या क्लबात गेलो तेव्हा पहिल्या वर्गात हाच नियम ऐकला आणि आजोबांची आठवण आली.

2022 च्या दिवाळीत मी .357 मॅग्नमचं नवं कोरं रिव्हॉल्व्हर घेतलं. त्यात .38 स्पेशलची काडतुसंही चालतात. ती स्वस्त पडतात आणि धक्का कमी देतात, म्हणून सरावाला सगळे तीच वापरतात. कंपनी नावाजलेली, वॉरंटी आयुष्यभराची.

पहिल्याच दिवशी तिसऱ्या बाराला नुसतं 'टक' झालं. मी पुन्हा चाप ओढणार, एवढ्यात मागून रेंजचा अधिकारी ओरडला, "थांब! नळी समोर ठेव, हलू नकोस." तीस सेकंद आम्ही तसेच उभे. कधी कधी दारू उशिरा पेट घेते. पिस्तुलात ते काडतूस निदान नळीसमोर तरी असतं. रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढला की काडतुसांच्या सहा कप्प्यांचा सिलिंडर फिरतो, आणि ते उशिरा पेटणारं काडतूस नळीपासून बाजूला सरकलेलं असताना उडू शकतं. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. सिलिंडर उघडून पाहिलं तर काडतुसाच्या बुडाशी प्राइमरवर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टिकलीवर, नखानं दाबल्यासारखा उथळ खळगा. घोड्याचा घाव कमी पडत होता. पन्नासांत सहा फुसके गेले. तीन वेगवेगळ्या कंपन्यांची काडतुसं आणून पाहिली, सगळ्यांची तीच तऱ्हा.

कारखान्याला फोन केला. पहिला प्रश्न आला, "काडतुसं विकतची की घरी भरलेली?" घरी भरलेली वापरली तर वॉरंटी गेलीच समजा. माझी विकतची होती. त्यांनी अनुक्रमांक घेतला आणि दोन दिवसांत कुरिअरचं लेबल ईमेलनं पाठवलं, खर्च त्यांचा.

रिव्हॉल्व्हर पाठवायचं कसं, याची मला धास्ती होती. 1968 च्या कायद्यामुळे इथे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बंदूक द्यायची-घ्यायची तर परवानाधारक दुकानदारामार्फत जावं लागतं. दुरुस्तीला मात्र सूट आहे. मालक थेट कारखान्याला पाठवू शकतो आणि कारखाना दुरुस्त करून थेट मालकाच्या घरी पाठवू शकतो. सरकारी टपालाचा रस्ता मला बंद होता, कारण पिस्तूल-रिव्हॉल्व्हर टपालानं पाठवायला सामान्य माणसाला 1927 च्या कायद्यानं मनाई होती. म्हणून खासगी कुरिअर, तेही कोपऱ्यावरच्या दुकानात न देता त्यांच्या मुख्य केंद्रावर. खोक्यात काडतूस चुकूनही नको. वरून आत काय आहे ते कळेल असं काही लिहायचं नाही, आणि तशी चिठ्ठी चिकटवा असं कुरिअरवालाही आपल्याला सांगू शकत नाही. परत येताना घरी सज्ञान माणसाची सही लागते, त्यामुळे त्या दिवशी मी घरूनच काम केलं.

पाच आठवड्यांनी खोकं आलं. आत चिठ्ठी: मेनस्प्रिंग (घोड्याला जोर देणारी स्प्रिंग) बदलली, 12 बार उडवून पाहिले, ठीक. रेंजवर गेलो. खरंच, एकही बार फुसका गेला नाही. मला फार आनंद झाला.

दुसऱ्या आठवड्यात मी सावकाश सराव करत होतो. घोडा अंगठ्यानं मागे ओढायचा, श्वास सोडायचा, मग चाप. शेजारच्या लेनमधले निवृत्त गृहस्थ अचानक कपाळाला हात लावून मागे सरले. हात काढला तर डाव्या भुवईवर रक्ताचा थेंब, आणि त्यात तांब्याचा टिकलीएवढा कपचा. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून निभावलं. मी रिव्हॉल्व्हर रिकामं करून ठेवलं. माझे हात थरथरत होते. त्यांनीच मला पाणी दिलं आणि म्हणाले, "हे तुझ्या बंदुकीतून आलंय. टायमिंग गेलंय."

टायमिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. चाप किंवा घोडा ओढला की आतला एक छोटा तुकडा, त्याला हँड म्हणतात, सिलिंडरला एक घर पुढे ढकलतो. कप्पा नळीच्या बरोबर समोर आला की खालून एक खिळा वर येऊन सिलिंडर जागच्या जागी अडकवतो. घोडा पडण्याआधी हे झालंच पाहिजे. नाही झालं तर गोळी नळीच्या काठाला घासते, सोलून निघते, आणि त्याचे कपचे सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून बाजूला उडतात.

मी पुन्हा फोन केला, पुन्हा लेबल मागवलं. सोबत तीन ओळी लिहिल्या: टायमिंग बिघडलं आहे, कपचे उडतात, कृपया पाहा. सहा आठवड्यांनी परत. चिठ्ठी: तपासणी केली, सर्व मापं मर्यादेत, 12 बार उडवले, ठीक. कशालाही हात लावलेला नव्हता.

इतका संताप मला क्वचित आला असेल. एक मित्र म्हणाला, विकून टाक. मला ते पटेना. घेणाऱ्याच्या शेजारीही कोणीतरी उभं असणारच. मग मी दाद कुठे मागायची ते शोधू लागलो आणि थक्क झालो. ग्राहकांच्या वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी इथे 1972 पासून केंद्र सरकारचा आयोग आहे. टोस्टर, पाळणे, शिड्या यांत धोका दिसला तर तो त्या परत मागवायला लावू शकतो. बंदुका आणि काडतुसं मात्र कायद्यानंच त्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहेत. सदोष बंदूक परत मागवायची की नाही ते कारखानाच ठरवतो. 1975 च्या वॉरंटी कायद्याखाली कोर्टात जाता येतं, पण रिव्हॉल्व्हरसाठी वकील कोण करणार? हे मला आजही पटत नाही. ज्या वस्तूतला दोष शेजाऱ्याचा डोळा घेऊ शकतो, तिच्यावर टोस्टरइतकीही देखरेख नसावी?

म्हणजे जे काही होणार ते त्या कारखान्यातल्या टेबलावरच. तिथल्या माणसाला दोष दिसला पाहिजे. मी रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा केलाय. तिथे सर म्हणायचे, "बिघडलंय म्हणू नका, कधी बिघडतं ते सांगा." ते मला पाच महिन्यांनी आठवलं.

रिकामं रिव्हॉल्व्हर, दोनदा तपासलेलं, काडतुसं दुसऱ्या खोलीत. सहा कप्प्यांना मार्करनं आकडे घातले. मग घोडा अगदी हळू, मुंगीच्या पावलानं मागे ओढत एकेक कप्पा पाहिला. पाच कप्पे खटकन अडकले. चौथ्याला घोडा पूर्ण मागे आला तरी सिलिंडर मोकळाच. बोटानं केसभर ढकलला की मग 'खट'. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. लाल ठिपका लावला. मग तेच जोरात चाप ओढून केलं, तर चौथाही अडकला! वेगात फिरणारा सिलिंडर स्वतःच्या झोकानं पुढे जाऊन बसतो. कारखान्यातल्या माणसानं बारा बार भराभर उडवले असणार. त्याला दोष दिसलाच नसणार. तो खोटं लिहीत नव्हता, हे कळल्यावर माझा राग निम्मा उतरला.

फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फटही मोजली. साधारण 0.004 ते 0.008 इंच असावी. माझी एका बाजूला 0.006, दुसऱ्या बाजूला 0.002. साठ-सत्तर बारांनंतर सिलिंडर जड होतो अशी माझी वहीत नोंद होती, तिचंही कारण सापडलं. तापून आणि काजळी बसून ती अरुंद बाजू घासत होती. शेवटी रेंज रिकामी असताना अधिकाऱ्याला विचारून दोन्ही बाजूंना अडीच फुटांवर पांढरे पुठ्ठे उभे केले आणि हळू घोडा ओढून .38 ची चोवीस काडतुसं उडवली. चौथ्या कप्प्यातून चार बार गेले. डाव्या पुठ्ठ्याला तीन भोकं पडली. बाकी वीस बारांचं एकही नाही.

तिसऱ्या वेळी फोनवरच्या बाईंना मी सांगितलं की नुसतं लेबल नकोय, माझं पत्र कारागिराच्या हातात पडेल एवढं बघा. त्या म्हणाल्या, "खोक्यात सगळ्यात वर ठेवा, मी तुमच्या नोंदीत लिहिते." पत्र एक पान. चौथा कप्पा, हळू ओढून पाहा, फटीची दोन मापं, साठ बारांनंतर पुन्हा मोजा. सोबत भोकांचा पुठ्ठा आणि व्हिडिओचा दुवा. शेवटी एक ओळ: या कपच्यानं एका माणसाच्या भुवईला जखम झाली आहे.

सात आठवडे लागले. या वेळची चिठ्ठी पानभर होती. हँड नवा, एक्स्ट्रॅक्टर (सिलिंडरच्या मागचा, हँड ज्याच्या दात्यांना ढकलतो तो भाग) नवा आणि सहाही कप्प्यांना जुळवून बसवलेला, नळीचा मागचा काठ सरळ केला, फट सगळीकडे 0.006, 60 बार उडवून पुन्हा मोजली. खाली पेनानं लिहिलं होतं, "हळू ओढल्यावर लगेच दिसलं. पत्राबद्दल आभार." ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे.

त्या शनिवारी शेजारच्या लेनवाल्या गृहस्थांना मीच फोन करून बोलावलं. पुन्हा पुठ्ठे उभे केले, त्यांना बरंच मागे उभं राहायला सांगितलं आणि हळूहळू एकशेवीस बार उडवले. सिलिंडर शेवटपर्यंत हलका फिरत राहिला. ते पुढे आले, डावा पुठ्ठा उचलून उजेडाकडे धरला, उलटसुलट पाहिला. त्यावर फिकट काजळी होती, भोक एकही नव्हतं.

"दे इकडे," ते म्हणाले. सिलिंडर उघडला, लाल ठिपका शोधला, आणि त्या कप्प्यात पहिलं काडतूस त्यांनी स्वतः घातलं.