आदोळी कागदावर उतरवताना

घाटावरची विळी ती आपल्या गोव्याकडची आदोळी. बसायला पाट, चिरायला पातं आणि टोकाला नारळ खवायचे दाते, एवढाच ऐवज. पण लाकूड, लोखंड, धार आणि बाक हे सगळं हातभर जागेत एकत्र असल्यामुळे रेखाटनाच्या अभ्यासाला ही वस्तू फार मोलाची आहे. मात्र एकाच साधनाने ती पुरती हाती लागत नाही. म्हणून महिनाभर हीच वस्तू घ्या आणि साधनं बदलत राहा.

आदोळी जमिनीवर ठेवा आणि आपण दीड मीटरवर, जमिनीवरच बसा. धार भिंतीकडे करा. घरात मुलं असतील तर काम संपताच ती उचलून ठेवा. नवशिक्याची सर्वांत मोठी चूक इथेच होते: पाट वरून बघितल्यासारखा काढला जातो आणि पातं बाजूने बघितल्यासारखं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर दिसतात, पण पातं पाटावर उभंच राहत नाही. बसून बघताना पाट बराच आखूड दिसतो, आणि डोळ्याला ते पटत नाही. हात ताठ धरा, एक डोळा मिटा, पाट जेवढा दिसतो तेवढी लांबी पेन्सिलीवर अंगठ्याने धरा आणि ती पात्याच्या उंचीशी ताडून बघा. पहिली चार-पाच रेखाटनं एचबी पेन्सिलीने, प्रत्येकी पाच मिनिटांत, खोडरबर न वापरता करा. पात्याचा बाक चुकत असेल तर पातं सोडा आणि पातं व पाट यांच्यामधल्या रिकाम्या जागेचा आकार काढा. बाक आपोआप सापडतो. प्रत्येक लोहाराचा बाक वेगळा असतो, त्यामुळे आठवणीतला बाक इथे कामाचा नाही.

आता पातं. ४बी आणि ६बी या मऊ, गडद पेन्सिली घ्या, खिडकी एका बाजूला ठेवा. पावसाळ्यात ढगाळ उजेड चहूकडून येतो आणि सावल्या विरतात, तेव्हा खिडकी बंद करून एकच दिवा बाजूला लावा. वापरातल्या पात्याचं अंग काळपट असतं आणि धारेची जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची पट्टी घासून उजळलेली असते. बहुतेक जण त्या धारेवरच काळी रेघ मारतात, आणि धार बोथट होते. धारेला रेघ नाहीच. तिच्या आतलं लोखंड गडद करा, मागची भिंत मध्यम करा, मध्ये कोरा कागद सोडा. तो कोरा कागद म्हणजे धार. छटा सांडून पट्टी मळलीच, तर खोडरबर तिरका कापून त्याच्या कडेने एकाच ओढीत उघडा. दाते मोजून काढू नका. जवळचे चार-पाच नीट काढा, बाकीचे नुसते सुचवा.

पाटाला मेणखडू. पाट धुऊन पूर्ण दिवस वाळवा, कारण लाकडात मुरलेलं खोबऱ्याचं तेल कागदावर पारदर्शक डाग पाडतं आणि त्या डागावर पुढे रंग बसत नाही. पात्यापासून चार बोटं दूर पातळ कागद पसरा, खडू आडवा धरून रेषांच्या दिशेने हलकेच घासा. लाकडाच्या रेषा, सुरीचे जुने घाव, पायाने झिजलेला खोलगटपणा, सगळं उमटतं. झिजलेल्या जागी खडू लागत नाही, तो भाग फिकट राहतो. तो भरून काढू नका. वरून पातळ जलरंगाचा एक हात फिरवला की मेण पाणी झिडकारतं आणि रेषा उठून येतात. रंग दाट झाला तर मेणही झाकलं जातं.

पुढे आदोळीशेजारी नारळाची कवड, म्हणजे फोडलेला अर्धा नारळ, ठेवा. तिच्या तोंडाचं लंबवर्तुळ दोन्ही टोकांना गोल असतं, होडीसारखं टोकदार नसतं. खोबऱ्याची पांढरी कडा समोर आणि मागे अरुंद दिसते, दोन्ही बाजूंना रुंद; ती सगळीकडे सारखी काढली की कवड सपाट होते. करवंटीवरच्या केसाळ रेषांसाठी सोडणाचा, म्हणजे नारळाच्या वरच्या केसाळ सालीचा, बोटभर तुकडा रात्रभर भिजवा, टोक हातोडीने ठेचा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, नाहीतर सोडणाचा तपकिरी रंग शाईत उतरतो. हा कुंचला एका ओढीत तीन-चार रेषा देतो. करवंटीच्या कोळशाने मात्र रेखाटू नका. तो कडक असतो, कागद ओरबाडतो. चित्रकलेच्या दुकानातला विलो चारकोल मऊ असतो.

शेवटचं साधन आपल्याच मातीतलं. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात कावी कला बघायला मिळते: चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर, आणि तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा चुना उघडा केलेला. घरी हे जाड पुठ्ठ्यावर करता येतं. पांढरा ऑइल पेस्टल दाबून, एकही भोक न सोडता भरा. चमचाभर गेरूच्या रंगाच्या पोस्टर कलरमध्ये भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब घाला, कारण त्याशिवाय रंग तेलकट थरावर थेंब थेंब होऊन गोळा होतो. पातळ दोन हात द्या. एकच जाड हात दिला तर खरडताना पापुद्रे निघतात. इथे कावीच्या उलट, थर पूर्ण वाळू द्यायचा. पावसाळ्यात त्याला अख्खी रात्र लागते. मग शाई संपलेल्या बॉलपेनने पातं कोरा. दात्यांसाठी जुना काटाचमचा घ्या आणि खवताना हात जसा फिरतो तसाच ओढा, आतून बाहेर, छोट्या छोट्या ओढींनी. खवण्याची चाल रेषेत उतरते ती इथेच; पेन्सिलीने ती मला कधी दिसलेली नाही.

हे पुठ्ठे एकमेकांवर रचू नका, ऑइल पेस्टल कधीच पूर्ण सुकत नाही. मध्ये बटर पेपर घाला, आणि जून ते सप्टेंबर कागदांची फाइल बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. ओल आधी तिथूनच शिरते.