सुरमई नका घेऊ ताई

जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. ऑफिसमधल्या मैत्रिणीची बदली झाली म्हणून तिला जेवायला घेऊन गेले, फोर्टातल्या एका जुन्या लंच होममध्ये. नाव सांगत नाही, आधीच तिथे साडेबाराला पोचलं तरी जिन्यात उभं राहावं लागतं. पंख्याखालचं टेबल मिळालं, मी सवयीने कार्ड न उघडताच सांगून टाकलं, दोन सुरमई थाळी. वेटरकाका लिहून घेईनात. तसेच उभे. मग पाण्याचे ग्लास ठेवायच्या निमित्ताने जरा वाकले आणि गल्ल्यावर ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "सुरमई नका घेऊ ताई. फ्रीजरची आहे."

म्हटलं मग काय घेऊ?

"सुकं खा. ह्या दिवसांत सुकंच खायचं असतं."

असं म्हणून आमच्या होकाराची वाटही न बघता आत गेले. सुक्या बोंबलाचा रस्सा आला, बटाट्याच्या फोडी आणि कोकम घातलेला, बाजूला जवळ्याची चटणी, म्हणजे जवळा आधी तव्यावर कोरडाच कुरकुरीत भाजून मग त्यात कांदा आणि लाल तिखट, आणि तांदळाची भाकरी. मैत्रीण नागपूरची, तिने आयुष्यात सुकी मासळी फक्त लोकलच्या डब्यात वासावरून ओळखली होती, आधी नाकाला रुमाल लावायच्या बेतात होती आणि शेवटी चटणीची वाटी भाकरीच्या तुकड्याने पुसून घेतली बाईने. सुरमईचं नावसुद्धा निघालं नाही.

आता हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, हा माशांचा विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. बिनइंजिनाच्या छोट्या होड्यांना बंदी नाही, त्यामुळे खाडीतलं थोडंफार येत राहतं. पूर्व किनाऱ्यावरची बंदी वेगळी, १५ एप्रिल ते १४ जून, म्हणजे आपली बंदी चालू असताना तिकडची उठते आणि मग तिकडचा माल बर्फात बसून ट्रकने इकडे येतो. हे सगळं ठाऊक असूनसुद्धा मी जूनमध्ये सुरमई मागितली, कारण कार्डावर ती बाराही महिने छापलेली असते! डोंबिवलीहून फोर्टला रोज जाऊन-येऊन माणसाला दिवस कुठला चाललाय ते कळत नाही तिथे ऋतू कुठून कळणार.

गंमत म्हणजे त्याच्याच पुढच्या शनिवारी नवऱ्याच्या ऑफिसकडून मिळालेलं व्हाउचर संपवायला आम्ही एका मोठ्या तारांकित हॉटेलात गेलो, तिथे म्हणे कोकण किनाऱ्याचा फूड फेस्टिव्हल. दारात होडी उभी केलेली, तिच्यावर जाळं, जाळ्यात प्लास्टिकचे खेकडे, आत बुफेमध्ये चार तऱ्हेची मासळी आणि त्यातली सुरमई अशी की कापूस खाल्ल्यासारखी, वरून मसाला कितीही थापा. किनाऱ्यावर सगळ्या बोटी वर ओढून ठेवलेल्या असताना माशांचा फेस्टिव्हल भरवायची कल्पना कोणाच्या डोक्यातून निघाली असेल देव जाणे. आणि विचारणार कोणाला? तिथे कानात सांगणारे काका नव्हते. मी आपली दोन वाट्या सोलकढी प्यायले, तीही जरा गोडच होती, आणि घरी येऊन दहीभात खाल्ला.

तेव्हापासून मी ठरवलंय की मुंबईत बाहेर खायला जायचं तर आधी महिना बघायचा. ह्याचा अर्थ बाराही महिने मिळणाऱ्या गोष्टी वाईट असा नाही हं, दादरच्या 'आस्वाद'ची मिसळ किंवा 'प्रकाश'मधलं पीयूष आणि साबुदाणा वडा कधीही जा, आहेच. आस्वादच्या मिसळीला २०१५ साली लंडनला बेस्ट व्हेज डिशचा किताब मिळाला तेव्हा बाहेरची रांग शिवसेना भवनापर्यंत जाते की काय असं वाटलेलं. पण ती मिसळ कुठे पळून जात नाही. पळून जाणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात आणि मी इतकी वर्षं नेमक्या त्याच चुकवत आले.

उदाहरणार्थ शेवळं. पहिला पाऊस पडला की दादर स्टेशनबाहेर पालघरकडच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात, टाकळा, कुर्डू, भारंगी असं काय काय, आणि त्यात ह्या तपकिरी-जांभळ्या लांब कळ्या जुड्या बांधून ठेवलेल्या. जेमतेम दोन-तीन आठवडे दिसतात, मग वर्षभर नाही. ह्या वेळी मी एका मावशींसमोर बसून जुडी उचलली तर त्या म्हणाल्या, "नुसती नको नेऊ, काकडं पण घे, नायतर घसा धरंल." काकडं म्हणजे छोटी हिरवी आंबट फळं, शेवळांच्या शेजारीच वाट्याने ठेवलेली असतात. शेवळाचं वरचं आवरण काढायचं, आतल्या दांड्यावरचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरायचं आणि काकडं ठेचून त्यांचा रस त्यात घालून शिजवायचं. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण असतात, त्याने घसा खवखवतो, आंबटाने ती खाज मरते. ही बाजू मला ट्रेनमधल्या एका सीकेपी मैत्रिणीने समजावली, त्यांच्याकडे शेवळाचं प्रकरण फार सिरियस असतं, सोडे म्हणजे सुकी कोळंबी घालून, खिमा घालून, कोणी कणवलं करतं. मी पिवळा भाग अर्धाच काढला आणि रात्री घरात सगळेजण खाकरत बसलो. सासूबाई बोलल्या काही नाहीत, फक्त लवंग मागितली.

हॉटेलात शेवळं मिळणं कठीणच, सोलत कोण बसणार. एखाद्या पोळीभाजी केंद्राच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं दिसलं तर नशीब. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात तिथे करून दाखवलेल्या भाज्या चाखायला मिळतात, पण तोपर्यंत शेवळांचे दिवस सरलेले असतात. तेव्हा ती घरीच.

थंडीतलं मात्र सगळं हॉटेलात जाऊन खाण्यासारखं. ताडदेवचं 'स्वाती स्नॅक्स', १९६३ पासूनचं, तिथे वर्षभर पानकी, म्हणजे केळीच्या पानातलं पातळ धिरडं, खायला लोक रांग लावतात ते ठीक आहे, पण खरी जायची वेळ म्हणजे डिसेंबर-जानेवारी, सुरतेकडून पोंक येतो तेव्हा. पोंक म्हणजे काय तर ज्वारीचा कोवळा हिरवा दाणा, म्हणजे आपला हुरडाच की! माझी आत्या सोलापूरकडची, तिच्या शेतात आगटीत कणसं भाजून तळहातावर चोळून फुंकर मारून खायचो, हात काळे, नाकात धूर. तोच दाणा इथे काचेच्या दारामागे एसीत शेव-लिंबू घालून भेळेच्या रूपात बशीत येतो. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा आत्याला फोन केला, ती म्हणाली, पैसे देऊन? आणि हसतच सुटली. पण चव खोटी नव्हती, दाणा तसाच दुधाळ.

ह्याच दिवसांत काळबादेवी, सी. पी. टँककडच्या फरसाणवाल्यांकडे उंधियो सुरू होतो, सुरती पापडी, जांभळा कंद, मेथीचे मुठिये. 'श्री ठाकर भोजनालय' १९४५ पासूनचं, तिथल्या थाळीत थंडीत उंधियो आणि उन्हाळ्यात आमरस. वाढपी एवढ्या प्रेमाने आग्रह करतात की नाही म्हणायला हात ताटावर आडवा धरला तर बोटांच्या फटीतून वाढतील. तिथे गेल्यावर परत ऑफिसला जायचं नसतं, हा चुकीचा प्रयोग मी एकदा केलाय आणि तीनच्या मीटिंगमध्ये अक्षरशः मान टाकली.

डिसेंबरात माहीमच्या मखदूम बाबांच्या दर्ग्याचा मेळा. मुंबई पोलिसांच्या चादरीने सुरू होतो, हे बऱ्याच जणांना ऐकून नवल वाटतं. तिथला हलवा-पराठा बघण्यासारखा, आधी बघायचा आणि मग खायचा. लहान मुलाच्या पाळण्याएवढी कढई, तिच्यात बैलगाडीच्या चाकासारखा पराठा तळत असतो, उलटायला दोन झारे लागतात, मग तो फाडून तराजूवर वजनावर देतात आणि वर शेंदरी रंगाचा हलवा. दोघांत पाव किलो पुष्कळ होतो. तळलेलं आणि वर गोड, तिसऱ्या घासाला जीभ थकते पण चौथा घास आपण घेतोच.

जानेवारीच्या आसपास वेसाव्याला, म्हणजे वर्सोव्याला, कोळी बांधवांचा सीफूड फेस्टिव्हल असतो. तिथे कोळणींच्या हातचं खायला मिळतं, दागिने घालून, नेसणं नेसून तव्यासमोर उभ्या, भरलेलं पापलेट, कोळंबी, तांदळाची भाकरी. फक्त रविवारी संध्याकाळी जाऊ नका. मी गेले होते, एका ताटासाठी पाऊण तास, नंतर बसायला खुर्ची नाही, मग ताट एका हातात धरून दुसऱ्या हाताने काटे काढायचे, समोर स्टेजवर गाणी, मागून कोणाचा तरी पोरगा आइस्क्रीम पुसतोय ओढणीला. पण बघा, तेव्हा बोटी समुद्रात असतात. मासा कसा लागला हे सांगायची गरज नाही. एवढा धक्काबुक्कीचा सोस नसेल तर माहीम कोळीवाड्यात बचतगटाच्या बायकांचा सीफूड प्लाझा आहे, समोर समुद्र, पलीकडे सी लिंक, तिथे तुलनेने निवांत.

सप्टेंबरात वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा. तिथलं माझं फक्त कडिओ-बोडिओ, म्हणजे साखरेत घोळवलेला तळलेला खाऊ, आणि पेरूचं चीज, बाकी चढावर गर्दीत गुदमरायला होतं म्हणून लवकर कटते.

आता एक गोष्ट अशी की जिला महिना लावता येत नाही, ती म्हणजे मोहम्मद अली रोड. रमजान चंद्रावर चालतो, दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. मी पहिल्यांदा गेले ते २०१६ साली, जून महिना, मिनारा मशिदीच्या गल्लीत धो धो पाऊस, वर ताडपत्र्या, ताडपत्रीत साठलेलं पाणी कोणीतरी बांबूने ढकललं ते नेमकं आमच्यावर, आणि समोर 'सुलेमान उस्मान'कडे कढईत मालपुवा. भिजलेल्या अंगाने गरम मालपुवा, अंडी घातलेला, कडा कुरकुरीत आणि मधे मऊ, वर मलाई. ती चव मला वाटायचं मालपुव्याची आहे. यंदा रमजान फेब्रुवारीतच लागला, रात्री छान हवा होती, कोरडे रस्ते, निवांत चाललो, आणि मालपुवा तोच असून वेगळाच लागला. मातीच्या सकोऱ्यातली फिरनी मात्र ह्या हवेत जास्त आवडली. तिथून बोहरी मोहल्ल्यात 'ताज'चं हाताने संचा फिरवून केलेलं आइस्क्रीम, हे दुकान १८८७ पासूनचं. थंडीकडे सरकतोय रमजान, २०३० मध्ये तर जानेवारीत एक आणि डिसेंबरात पुन्हा एक असे एकाच वर्षात दोन येणार. मुलगी तेव्हा बारावीला असेल, बघू कसं जमतं ते.

हापूसबद्दल लिहीत नाही. सगळेच लिहितात.

तर परत वेटरकाकांकडे. परवा पुन्हा त्या लंच होममध्ये गेले, एकटीच, सोडे-वांगं खाल्लं. पैसे देताना विचारलं, ताजी सुरमई कधी? आता ह्यात एक घोळ आहे तो आमच्या घरचा. बंदी उठते १ ऑगस्टला आणि बहुतेक वर्षी त्याच्या आगेमागे श्रावण लागतो. सासूबाई श्रावण कडक पाळतात, त्यामागून गणपती, म्हणजे गौरी जाईपर्यंत घरात मासे नाहीत आणि बाहेर चोरून खायचं मला पटत नाही, एकदा खाल्लं होतं तर हळदीचा डाग दुपट्ट्यावर घेऊन घरी आले. गेल्या वर्षी तर श्रावण २५ जुलैलाच लागला होता, बोटी सुटल्या तेव्हा आम्ही वालाची उसळ खात होतो. पण यंदा अधिक महिना आला ना, सगळं पुढे गेलं, श्रावण थेट १३ ऑगस्टला. म्हणजे मधले १२ दिवस चक्क मोकळे!

मी काकांना उत्साहाने सांगितलं, १ तारखेला शनिवार आहे, अख्खं घर घेऊन येते. ते सुटे पैसे मोजता मोजता म्हणाले, "१ तारखेला येऊन काय करणार ताई? १ ला बोट जाणार. मग जाळं टाकणार, मग परत येणार. आठवड्याने या."

आठवड्याने म्हणजे ८ तारीख, तोही शनिवारच. भिंतीवरच्या कालनिर्णयवर गोल केलाय. सासूबाईंनी बघितला, विचारलं कसला गोल, मी म्हटलं गॅस बुकिंग.